चिंचघाटच्या वळणाची माती

वर्ध्याला जाऊन आलो म्हटलं, की आमच्या सांगलीत लोक आधी चरख्याबद्दल विचारतात आणि मग उन्हाबद्दल. दोन्हींबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. पंच्याऐंशीच्या एप्रिलात शाळेच्या परीक्षा संपल्या आणि मी दीड दिवसाचा प्रवास करून गेलो, तो वर्धा नदीचं एक वळण पाहायला. बायको म्हणाली, दारात कृष्णा आहे, तिला वळणं नाहीत का? आहेत. पण त्या वळणांवर मी कुणाचं वाईट केलेलं नाही.

कशाला गेलो ते आधी सांगून टाकतो.

चौऱ्याहत्तर ते शहात्तर अशी जवळजवळ दोन वर्षं मी आष्टी तालुक्यातल्या चिंचघाट नावाच्या गावात शिक्षक होतो. वय चोवीस, विषय भूगोल, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत. मी राहायचो वामनरावांच्या घरी, माडीवरच्या खोलीत. वामनरावांचं वावर, म्हणजे शेत, नदीच्या अगदी कडेला. त्यात त्यांच्या वडिलांनी बांधलेली पक्की विहीर. नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हा लागतो, आणि पलीकडच्याच काठावर वामनरावांची धाकटी बहीण इंदूताई दिलेली. चांगला वारा असला तर तिची हाक ऐकू येई. माहेर-सासर यांच्यामध्ये फक्त पाणी.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात नदीनं वामनरावांचा काठ खाल्ला. एका आठवड्यात विहिरीसकट अर्धं वावर गेलं. ढेकळं नाही, घराएवढ्या दरडी सुटून पडत आणि पाण्यात धप्प असा आवाज येई. गाव काठावर उभं होतं. वामनरावांनी मला विचारलं, एवढी माती जाते कुठे? मी काडी घेतली, चिखलात नागमोडी नदी काढली, आणि वर्गात सांगतो तशा आवाजात म्हणालो, "नदी बाहेरचा काठ खाते आणि समोरच्या काठावर आणून टाकते." आणि हात पलीकडे केला. सगळ्या गावानं तिकडे पाहिलं. तिकडे इंदूताईच्या सासरची मळई होती. मळई म्हणजे नदीनं टाकलेल्या गाळाची जमीन. ती त्या वर्षी चांगलीच रुंदावलेली होती.

हिवाळ्यात इंदूताईच्या घरच्यांनी त्या मळईवर डांगरवाडी लावली. आमच्याकडे डांगर म्हणजे भोपळा. तिकडे नदीच्या रेतीत टरबूज-खरबुजांचा मळा करतात, त्याला डांगरवाडी म्हणतात. वामनराव पलीकडे गेले आणि जावयांना, म्हणजे इंदूताईच्या नवऱ्याला, म्हणाले, माती माझी आहे, गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं आहे, अर्धी वाडी माझी. जावई म्हणाले, नदीनं दिलं ते आमचं. शब्दानं शब्द वाढला. वामनराव नदी ओलांडून परत आले, ते पुन्हा गेले नाहीत. त्यानंतर महिन्याभरातच, वाडीला फळ यायच्या आत, माझी बदली झाली आणि मी सुटलो.

पिपरी, आणि वाट चुकून कारंजा

वर्ध्यात उतरून पहिली रात्र पिपरीला एका जुन्या सहकाऱ्याकडे काढली. माझ्या वेळी तिथे कपाशीची शेतं होती. आता रांगेनं नवी घरं उठली आहेत, आणि प्रत्येक घरापुढे रेतीचा ढीग. ती रेती पाहून मी सहकाऱ्याला नद्यांबद्दल बरंच ऐकवलं. त्यानं जांभई दिली आणि सकाळी लवकर उठवून तर्रीचे पोहे खायला घातले. डोळ्यांतून पाणी आलं, ते पोह्यांमुळेच, असं मी त्याला सांगितलं.

आष्टीची गाडी आर्वीवरून जाते. मी भूगोलाचा शिक्षक, पाटी न वाचता जागा पाहून बसलो आणि झोपलो. जाग आली तेव्हा गाडी कारंजाला उभी होती, नागपूर-अमरावती रस्त्यावर, आणि समोर ओळीनं ट्रक. ढाब्यावरच्या माणसाला आष्टी कुठे म्हणून विचारलं. त्यानं पोळी उलटता उलटता माझ्या अकलेपासून झोपेपर्यंत सगळं काढलं. तरी संत्र्याची खोकी नेणाऱ्या एका ट्रकवाल्याला त्यानंच गळ घातली. आष्टीची वाट फुटते त्या तळेगावपर्यंत मी मागे खोक्यांवर बसून गेलो. संत्र्यांचा मौसम सरत आला होता. ट्रकवाल्यानं दिलेली दोन मी वाटेत खाल्ली, आणि रस्त्याकडेच्या उघड्या टेकड्यांवर पावसानं पाडलेल्या घळी पाहत राहिलो. आमच्याकडे डोंगर एका झटक्यात उभा राहतो. इथे जमीन हळूहळू वर चढते आणि हळूहळूच झिजते, आणि झिजलेलं सगळं शेवटी ओढ्या-नाल्यांतून वर्धेला येतं. मी इथे होतो तेव्हा हा मुलूख मला सपाट आणि कंटाळवाणा वाटायचा. आता मात्र तसा वाटेना, हे कबूल करतो.

आष्टीचा बाजार

आष्टीला बाजाराचा दिवस होता. मी पत्र पाठवलं होतं, त्यामुळे वामनराव बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आले होते. कणगीच्या दुकानापाशी उभे. मिशा पांढऱ्या, खांदे तसेच. माझ्याकडे पाहिलं, टक्कल पाहिलं, आणि म्हणाले, "तुमचीबी दरड ढासळून राह्यली, गुरुजी."

मी हसलो. बंडीत बसल्यावर त्यांनी शाळेची, पावसाची, बैलांची सगळी हकीकत सांगितली. इंदूताईचं नाव काढलं नाही. त्यांच्या पत्रांतही ते नसे. दर दिवाळीला एक पोस्टकार्ड यायचं, आणि शेवटी एवढंच असायचं, की पलीकडचं जसंच्या तसं आहे. ती ओळ मी दर वर्षी वाचत आलो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला तिचं वाईट वाटत असे. नंतर ती मला झोपू देईना.

झालं होतं असं. आम्हा भूगोल शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. तिथे एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी लांब पत्र्याच्या पन्हाळीत रेती भरली, बोटानं वळणावळणाची नदी कोरली, आणि वरून पाणी सोडलं. मग मधल्या एका वळणाच्या बाहेरच्या काठात त्यांनी विटेची लाल भुकटी दाबली आणि आम्हाला विचारलं, ही कुठे जाईल? मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. म्हणालो, समोरच्या काठावर. पाण्यानं काठ कुरतडला, भुकटी निघाली, वळसा घेऊन खाली गेली, आणि बरीचशी भुकटी जाऊन बसली पुढच्या वळणाच्या आतल्या अंगाला. त्याच बाजूच्या काठावर. समोर थोडीशीच रेघ उमटली. समोरचा गाळ वरच्या वळणावरून आला होता. सगळे वहीत उतरवून घेत होते. मला ती पन्हाळ दिसेनाशी झाली होती. मला चिखलात काडी धरलेला माझा हात दिसत होता.

चिंचघाट

घरी वहिनींनी, म्हणजे वामनरावांच्या पत्नीनं, पाटवड्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकर केली होती. त्या घरात जेवताना पाहुण्यानं पहिला घास घेतला की यजमानानं घास मोडेपर्यंत थांबायचं असतं. दहा वर्षांत मी ते विसरलो होतो आणि तीन घास खाऊन मोकळा झालो. वहिनी म्हणाल्या, "सांगलीले गेलते अन् सारं विसरून आले." रस्सा मात्र विसरलो नव्हतो. नाकाकानांतून धूर निघेल असा, अगदी तसाच.

जेवून ओसरीवर आलो तर कोपऱ्यात एक मोठं टरबूज ठेवलेलं. बाजूला कुणी बसत नव्हतं, लहान मूलही त्याला हात लावत नव्हतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी हळूच सांगितलं.

त्या काठांवर एक रीत आहे. डांगरवाडीतलं पहिलं टरबूज घरची सून आपल्या माहेरी पाठवते आणि ते भावानंच आपल्या हातानं फोडायचं. त्याशिवाय वाडीला विळा लावत नाहीत. भांडण झालं तरी इंदूताईनं रीत मोडली नाही. दर वर्षी पहिलं टरबूज गड्याबरोबर नदी ओलांडून येतं. आणि वामनराव ते फोडत नाहीत. बहिणीचं आहे म्हणून फेकतही नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून नदीवर जातात, पाण्यात उतरतात आणि टरबूज धारेला सोडून येतात. पलीकडे इंदूताई आपल्या खोपीपाशी उभी राहून ते जाताना पाहते. मग ती वाडीला विळा लावते.

"आजच आलं हाये," वहिनी म्हणाल्या. "उद्या सोडतीन."

मी वामनरावांना म्हणालो, उद्या मी बरोबर येतो, पण टरबूज सोडण्याआधी माझ्याबरोबर खालच्या वळणापर्यंत चला. ते म्हणाले, तिकडं काय हाये, मसणवट अन् रेती. मी म्हणालो, तीच दाखवायची आहे.

खालचं वळण

सकाळी निघालो. वामनरावांनी टरबूज गोणपाटात घालून खांद्यावर घेतलं होतं. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट, त्यांच्या पायात जाड वहाणा.

आधी त्यांचा काठ लागला. दहा वर्षांत नदी आणखी आत आली होती. उभ्या दरडीत थर स्पष्ट दिसत होते: वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळट गाळ, त्याखाली गोट्यांचा पट्टा, पुन्हा गाळ. म्हणजे नदी पूर्वी कधीतरी हे सगळं स्वतःच इथे टाकून गेली होती, आणि आता परत नेत होती. मी हे वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, देणाऱ्यानं परत मागू नाई. मग पुढे चालू लागले. माझ्या मनात आलं, आमच्या कृष्णेला घाट बांधून आम्ही तिचे हात बांधून टाकले आहेत. दगडी पायऱ्यांवर बसून नदी पाहणाऱ्याला ती काय करते ते कळतच नाही.

खालचं वळण अर्ध्या कोसावर आहे. तिथे नदी उलट बाजूला वळते, आणि चिंचघाटच्याच काठावर रेतीचा लांब पट्टा पसरला आहे. पट्ट्याच्या वरच्या टोकाला गोटे, मग जाड रेती, मग बारीक, आणि शेपटीला मऊ पोयटा. नदी सुपात पाखडल्यासारखं सगळं निवडून ठेवते. मी गोट्यांत वाकून शोधायला लागलो. वामनरावांना वाटलं, मला गारगोट्या हव्या आहेत, म्हणून त्यांनी दोन-तीन उचलून दिल्या. मी तासभर वाकून कंबर मोडून घेतली आणि काही सापडेना. दीड दिवसाचा प्रवास करून आपण पुन्हा एकदा चुकलो असं वाटून मी घामाघूम झालो.

सापडलं ते वामनरावांना. ते खाली वाकले आणि तसेच थांबले. हातात विटेचा तुकडा होता, कडा झिजून गोल झालेल्या. पण एक बाजू रुंद आणि एक अरुंद, पाचरीसारखी.

"हे आमच्या हिरीची हाये," ते म्हणाले. गोल विहीर बांधायला अशाच विटा लागतात, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांचा साचा स्वतः करून घेतला होता. वरपासून खालपर्यंत त्या काठावर दुसरी तशी विहीर नव्हती. मग आम्ही दोघांनी शोधलं. आणखी पाच तुकडे मिळाले.

मी त्यांना खाली बसवलं आणि रेतीत पुन्हा एकदा ती नागमोडी नदी काढली. या वेळी नीट काढली. तुमचा काठ इथे खचला. माती अशी वळसा घेऊन इथे आली, याच थडीवर. इंदूताईकडची मळई तिकडच्याच वरच्या वळणावरून आली. तिच्या सासऱ्यांचं वरच्या अंगाचं वावरही त्याच सुमाराला गेलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. मी दोन्ही जोडून पाहिलं नव्हतं.

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

"मला माहीत नव्हतं. मी चुकलो, वामनराव."

वीस-बावीस शब्दांचं उत्तर मी गाडीत तयार केलं होतं. त्यातलं एवढंच तोंडातून बाहेर पडलं. वामनराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते पट्ट्याच्या शेपटीकडे पाहत होते. तिथे पोयट्यात वेल पसरले होते, कुणी न लावलेले, वेडेवाकडे. टरबुजाचे वेल. एकदोन फळंही होती, मुठीएवढी. इथे कुणी वाडी करत नाही. वेल कुठून आले ते मला समजत होतं आणि त्यांनाही. धारेला सोडलेलं सगळं इथेच येऊन लागत होतं.

"नऊ टरबुजं सोडली मी, गुरुजी," ते म्हणाले. मग गोणपाट खांद्यावर घेतलं आणि नदीत उतरले. पाणी गुडघ्याएवढंच होतं. नऊ वर्षं त्यांना ते ओलांडता आलं नव्हतं.

पल्याड

पलीकडच्या काठानं वर चालत आम्ही डांगरवाडीपाशी आलो तेव्हा अकरा वाजले असतील. जावई मोर्शीला गेले होते. इंदूताई खोपीबाहेर वेलांना माती लावत होती. तिनं आम्हाला पाहिलं, उठली, पदर सावरला. पंचाहत्तरात चुळबुळी, हसरी बाई होती. आता कानशिलं पांढरी झालेली. वामनराव वाडीच्या कडेला थांबले. पुढेही येईनात, मागेही जाईनात. तिनं विचारलं, "पाणी देऊ?" ते म्हणाले, दे. तिनं मडक्यातून गडवा भरून आणला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"गुरुजी काई सांगून राह्यले, ते ऐक," वामनराव म्हणाले आणि त्यांनी मला पुढे ढकललं.

मी तिसऱ्यांदा रेतीत नदी काढली. एव्हाना मला चांगलाच सराव झाला होता. सगळं समजावून सांगितलं, विटेचा तुकडा दाखवला, चूक माझी होती हे स्वच्छ सांगितलं. मला वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. भावाची माती घेऊन बसली, हा डाग आता पुसला गेला. मी खरोखर थोडा खूश होऊनच बोलत होतो.

इंदूताईनं तुकडा हातात घेतला. उलटा-सुलटा केला. मग वाडीकडे पाहिलं.

"म्हंजे हे माती माह्या बापाच्या वावरातली नोय?"

"नाही," मी म्हणालो.

ती खाली बसली. बराच वेळ बोटांनी माती चिवडत राहिली. मग माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात म्हणाली, "भाऊ येत नोहता. पन मले वाटे, बापाचं वावर तर आलं माह्याकडं. दहा वरसं मी या मातीत वहान घालून पाय नाई ठेवला, गुरुजी."

तेव्हा कुठे मला दिसलं. ती अनवाणी होती. तिच्या वहाणा खोपीच्याही पलीकडे, जिथे मळई संपून मूळची जमीन लागते, तिथे ठेवलेल्या होत्या. एप्रिलातल्या उन्हात, रोज.

माझ्या आयुष्यात मी दोनदा त्या घराला भूगोल शिकवला. पहिल्यांदा चुकीचा शिकवला आणि भाऊ तोडला. दुसऱ्यांदा बरोबर शिकवला आणि माहेर काढून घेतलं.

वामनरावांनी गोणपाटातून टरबूज काढलं, खोपीत खोचलेला विळा घेतला आणि तिच्यासमोर बसून ते फोडलं. आतून लालभडक निघालं. पहिली फोड त्यांनी तिच्या हातात ठेवली.

"गुरुजीचं ते पुस्तकातलं," ते म्हणाले. "पुरात सारं पानी एकच होते, इंदे. दोन्ही थड्या एक होतात, तू पाह्यलं नाई काय? आपल्या वावरातली थोडी तरी आली असन." मग माझ्याकडे वळले. माझी कुठलीही परीक्षा घेताना कुणी असं पाहिलं नसेल. "काऊन गुरुजी? येते ना थोडी?"

मला पन्हाळीतली ती समोरच्या काठावर उमटलेली लाल रेघ आठवली. बारीक, पण होती. प्राध्यापकांनी तिच्याकडे बोटही दाखवलं होतं. आम्हीच कुणी ती वहीत घेतली नव्हती.

"येते," मी म्हणालो. "थोडी येतेच."

इंदूताईनं फोड तोंडाला लावली. डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत. वामनराव उठले, वाडीच्या कडेला गेले, पायांतल्या वहाणा काढून तिच्या वहाणांशेजारी ठेवल्या आणि वेलांमधून परत आले. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. खाली बसून नाड्या सोडल्या. रेती चांगलीच तापली होती. पाय असे भाजत होते की एका जागी उभं राहवत नव्हतं. तरी सबंध टरबूज संपेपर्यंत आम्ही तिघंही तिथेच, अनवाणी, खात बसलो.